मधेच गरज संपली तर

पुढील हकिगत मी स्वतः ऐकली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्राची परीक्षा संपल्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, येथे परदेशात मी अर्धवेळ काम करीत असलेल्या मोबाइलच्या दुकानात, लिफ्ट-दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांकडून. आमची पूर्वी ओळख नव्हती. मी फोनवर आईशी बोलत असताना त्यांनी आपली भाषा ओळखली आणि ते माझ्याच काउंटरवर आले. अमर्याद डेटाची योजना त्यांना निवडायची होती. त्यांचे बोलणे मी त्याच संध्याकाळी, आठवेल तितके जसेच्या तसे, लिहून काढले. माझी उत्तरे येथे गाळली आहेत, कारण त्यांत योजनांच्या माहितीपलीकडे विशेष काही नव्हते.

*

— नाही नाही, ते कळलं मला. दोन वर्षांचा करार, डेटा हवा तेवढा, स्पीड उतरणार नाही — कळलं. मी विचारतोय ते वेगळं. मधेच गरज संपली तर? म्हणजे समज, आज घेतला, आणि काही महिन्यांनी गरजच उरली नाही, तर काय करता तुम्ही लोक? दंड लावता. हं. लावणारच. आणि काही सूट वगैरे असते का, म्हणजे घरातलंच काही कारण असलं, तसा कागद आणून दाखवला तर? कसला कागद म्हणजे — कसला कागद असणार... जाऊ दे. जाऊ दे रे, मी आपलं सहज विचारलं. करार करताना माणूस विचारतोच ना, बाहेर पडायचं दार कुठे आहे म्हणून. आमच्या धंद्यात तर पहिलं तेच बघतात. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की आम्ही आधी दार बघतो, मग मोटर. आणि हे बघ, काका नको म्हणूस. केस गेलेत ते इथल्या पाण्याने गेलेत, वयाने नाही. दादा म्हण. तू जेवत होतास ना, मी मधेच टपकलो. डबा झाकून ठेवलास तो माझ्यामुळेच. खा की. मी काही तुझ्या साहेबाला सांगायला जात नाही. — नाही? बरं. नियमाने वागणारा दिसतोस. पलीकडच्या काउंटरवरची मुलगी बघ, गिऱ्हाइकासमोर खुशाल चघळतेय काहीतरी.

तर दोन वर्षं. महिन्यामहिन्याचा नसतो का अनलिमिटेड? असतो, पण त्यात ठरावीक वापर झाला की स्पीड उतरतो. मग त्याला अनलिमिटेड कशाला म्हणता रे? मर्यादा आहे तरी अमर्याद! लग्नात 'जन्मोजन्मी' म्हणायला बरं वाटतं तसं. म्हणजे खरा अनलिमिटेड एकच, दोन वर्षांचा. आणि मला स्पीड उतरलेला अजिबात चालणार नाही. अजिबात. परवा उतरला, आणि जे झालं ना घरी — असो. वापर किती होतो ते तुझ्या मशीनवर दिसतच असेल. दिसतोय? अरे, असा भुवया वर करून बघू नकोस, सिनेमे नाही बघत मी. व्हिडिओ कॉल. वडिलांशी. रोज. त्यांची रात्रीची जेवणाची वेळ ती इथली भर दुपार. आम्ही बरोबर जेवतो. म्हणजे ते तिकडे, मी इकडे, फोन मधे.

कौतुक नको करूस. मी सांगतो म्हणून सांगतो, कौतुक नको. त्याचं असं आहे — बाबांचं आता डोकं राहत नाही. ताई असते त्यांच्यापाशी, माझी मोठी बहीण, तीच सगळं बघते. बाबा शिंप्याचं काम करायचे. आता त्यांचं मशीन ताई चालवते, बाहेरच्या खोलीत, आणि बाबांना वाटतं ही कोणीतरी कामाला ठेवलेली बाई आहे. तिला म्हणतात, "बाई, तुम्ही उभ्या कशाला, तुमचं काम पडलंय." ती समोर ताट घेऊन बसली तर जेवत नाहीत, बाईमाणसाला अवघडल्यासारखं होईल म्हणून! ताई हसते त्यावर. निदान फोनवर तरी हसते. आणि एकट्यापुढे ताट ठेवलं तर बघत बसतात नुसते. जेवतात ते फक्त माझ्याबरोबर. का सांगू? मी लहानपणी जेवायचो नाही. घास गालात धरून बसायचो — तासनतास. मग बाबा समोर बसायचे आणि म्हणायचे, तू गिळ, मग मी घेतो. मी गिळला की ते एक घ्यायचे. मी थांबलो की तेही थांबायचे. दिवसभर मशीनवर वाकलेला माणूस, भूक लागलेली असायची, पण माझा घास गिळून होईपर्यंत हात ताटात तसाच. बाकी सगळं पुसलं गेलं बघ त्यांचं — घर कुठलं, साल कुठलं, आई गेली ते — पण हे राहिलं. अजून ते स्वतःसाठी जेवतच नाहीत रे. मला जेवायला लावायला म्हणून जेवतात.

हो, दुपारीच. हो, कामाच्या वेळेतच. — लिफ्टच्या खड्ड्यात रेंज? नसते. कुठून असणार, चारी बाजूंनी काँक्रीट. मग कॉल कसा करतो म्हणजे... खोली माझी कामाच्या समोरच आहे. रस्ता ओलांडला की जिना. दुपारच्या सुट्टीत धावत जातो. — नाही, वायफाय नाही. घरमालकाचं आहे, ते जिन्यापर्यंत येतं आणि माझ्या दाराशी मरतं. म्हणून तर तुझ्याकडे आलो. — सुट्टी अर्ध्या तासाची असते आमची. हो. आणि वापर रोजचा दोन-दोन तासांचा दिसतोय, हो, मलाही दिसतंय ते. तू फार बारकाईने बघतोस हं. काय शिकतोस तू? — संख्याशास्त्र. तरीच.

बरं, सांगतो. यात लपवण्यासारखं काही नाही. सुरुवातीला मी खरंच बसायचो. अर्धा तास बसायचो आणि उठायचो, कामावर परत जायला हवं ना, तिकडे लिफ्ट बंद ठेवून आलेलो. आणि मी उठलो की बाबांचा हात थांबायचा. अर्धं ताट तसंच. ताई म्हणायची, तू उठत जाऊ नकोस, ते उठतात मग. मी काय करायचं, सांग. नोकरी सोडायची? मग एका सुट्टीच्या दिवशी मी ताट मांडलं, टॅब समोर ठेवला आणि माझं जेवण रेकॉर्ड केलं. हसू नकोस. म्हणजे हस, हसण्यासारखंच आहे. घास घेतला, वर बघितलं, हसलो, "हं" म्हटलं. मधे "हो बाबा." मधे "तुम्ही घ्या की." पाणी प्यायलो. परत घास. बाबा किती सावकाश जेवतात ते माहीत होतं, म्हणून पोट भरलं तरी खातच राहिलो — वाढून घेतोय आणि खातोय, वाढून घेतोय आणि खातोय. दुसऱ्या दिवशी कामावर वाकता येईना. तर आता काय करतो — धावत खोलीवर जातो, कॅमेऱ्यावर अंगठा धरून फोन लावतो, "आलो हं बाबा, बसतोच" म्हणतो, टॅब पाण्याच्या बाटलीला टेकवतो, चालू करतो, आणि मग अंगठा काढतो. फोन टॅबकडे बघत बसतो. मी परत खड्ड्यात. कामाला कंपनीचा वेगळा फोन आहे, बटणांचा, त्यामुळे अडत नाही. ताईला वाटतं मला आता घरून काम मिळालंय. लिफ्टचं काम घरून! पण ती बिचारी विचारत नाही. बाबा जेवतायत ना, मग कशाला विचारेल? ती तिकडे फोन बाबांपुढे तांब्याला टेकवून ठेवते आणि बाहेर शिवत बसते. बंद करायला विसरते. मग रेकॉर्डिंग संपून पुन्हा पहिल्यापासून चालू होतं, आणि मी परत ताटावर. बाबा म्हणतात, "पुन्हा बसलास? तिकडे भूक फार लागते वाटतं." — आहे की नाही गंमत?

चित्र हुबेहूब दिसतं रे. बाबांना काय कळतंय! एकदाच पंचाईत झाली. शिंपी माणूस. ताईचं नाव विसरतील, मला कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतील, पण डोळा गेला नाही. मी रेकॉर्डिंग केलं तेव्हा हाच शर्ट होता अंगात, आणि हे वरून दुसरं बटण लोंबत होतं. माझ्या लक्षातही नव्हतं. पहिल्याच दिवशी, मी दाराबाहेर पडायच्या आतच बाबा म्हणाले, "बटण सुटायला आलंय. लावून घे, पडलं तर जोडी मिळायची नाही." त्या दिवशी आल्या-आल्या सुई घेऊन बसलो. दोरा दुहेरी करून लावलं, त्यांनीच शिकवलंय. बघ, ओढून बघ, निघायचं नाही. पण टॅबमध्ये ते लोंबतंच आहे ना! रोज लोंबतंय. रोज ते सांगतात, "अजून लावलं नाहीस?" आणि रोज तो म्हणतो, "हो बाबा." — तो म्हणजे मी. टॅबमधला. पुन्हा रेकॉर्ड करायचं तर पुन्हा तेवढं जेवायला हवं, म्हणून राहून गेलं. आज सुट्टी काढली ती त्यासाठीच. आधी प्लॅन घ्यायचा, मग खोलीवर जाऊन नवीन करायचं. नीट, बटण लावलेल्या शर्टात.

कारण परवा काय झालं — डेटा संपला, स्पीड उतरला, आणि चित्र थांबलं. थांबलं ते कुठे, तर घास तोंडाशी आणि तोंड उघडं. मी होतो खड्ड्यात. वर आलो तर त्या बटणांच्या फोनवर ताईचे कॉल एकावर एक पडलेले. बाबांनीही घास उचललेला म्हणे, आणि तिथेच धरलेला. तू गिळ, मग मी घेतो. मी काही गिळत नाही. "गिळ रे," म्हणाले. "गिळ बाळा, नाहीतर गार होतं." घास काही खाली ठेवेनात. ताई म्हणाली, बाबा, नेट गेलंय. नेट काय ठाऊक त्यांना! तिने शेवटी फोन उपडा ठेवला, तर त्यांनी ताटच सरकवलं. पोरगं उपाशी आहे म्हणाले. काही खाल्लं नाही मग. पाणीसुद्धा नाही. मी त्याच रात्री थोडा जादा डेटा टाकून घेतला, पण तो किती दिवस पुरणार! म्हणून तुला सांगतोय, स्पीड उतरता कामा नये. तेवढं एक मला लिहून दे. बाकी बिलाचं वगैरे मी बघून घेईन.

कुठे सही करायची? इथे. आणि ही दोन वर्षांची तारीख तू घातलीस का? — छापूनच येते. हं... पेन चालतंय का हे? — थांब. त्या आधी एक विचारू? तू संख्याशास्त्रवाला, तुला कळेल. समज, रेकॉर्डिंगमध्ये मी ठरावीक ठिकाणी "हो" म्हणतो. आणि समोरचा माणूस काय बोलेल ते आपल्या हातात नाही. तर कधी ना कधी त्याचा प्रश्न नेमका त्या "हो"वर येऊन पडणार की नाही? पडणारच ना? मग त्यात कोणाचा दोष धरायचा? नाही, ताई माझ्यावर चिडलीय म्हणून विचारतो. रविवारी बाबांनी विचारलं, "मी येऊ का तिकडे?" आणि नेमका तो म्हणाला, "हो बाबा, हो." हसून. योगायोग. ताई बाहेरून ओरडली म्हणे, अरे, हो काय म्हणतोस? पण तोवर झालं होतं. बाबा उठले आणि बॅग भरायला घेतली. टेप, कात्री, धोतर नाही हं, पॅन्ट — माझ्याकडे येताना पॅन्ट घालायची असं त्यांचं फार पूर्वीपासून — आणि ती बॅग तेव्हापासून दाराशी. रोज विचारतात, गाडी कधीची? ताई म्हणते, तू तुझ्या तोंडाने हो म्हणालास, मी माझ्या कानांनी ऐकलं, आता तूच सांग त्यांना नाही म्हणून. आणि मी ताईला कसं सांगू की ते तोंड माझं नव्हतं? होतं, पण... आणि विचारताना कसं विचारलं माहितेय? उजवा हात पुढे केला, असा, अंगठा आणि बोट जुळवून, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप धरतात ना, तसा. फोनपर्यंत आणला हात. माझं माप घेतल्यासारखा. "येऊ का मी? तुझ्यासाठी दोन शर्ट शिवीन तिथे. तुझं माप बदललंय."

— काय? दिसलं कसं म्हणजे? ताईने सांगितलं. — हो, ताई बाहेरच्या खोलीत होती. — अरे, तिने नंतर... नाही. तिला नाही दिसलं.

रविवार होता. सुट्टी. मी खोलीतच होतो. फोनच्या पाठीमागे, पलंगावर, पाय लांब करून, चहाचा कप हातात. एवढं अंतर, तुझ्यामाझ्यात आहे ना, त्याहून कमी. टॅब बाजूला करून तोंड पुढे करायचं, बस्स. तेवढंच होतं. नाही केलं. तू मला विचारशील का, म्हणून. नाही विचारत आहेस तू, पण मीच सांगतो. एकतर दोघं दिसलो असतो एकदम, तो जेवणारा आणि मी. आणि दुसरं... दुसरं असं की तो बरा आहे रे. माझ्यापेक्षा तो बरा आहे. तेच तेच विचारलं तरी कंटाळत नाही. आई कुठे गेली असं त्यांनी विचारलं तरी तो हसतो आणि म्हणतो, तुम्ही घ्या की. मला विचारलं की मला सांगावं लागतं, आणि सांगितलं की ते नव्याने रडतात, आणि मग मी — एकदा आवाज चढला माझा. वडिलांवर. ते लहान मुलासारखे घास गालात धरून बसले. तेव्हापासून रविवारीही तोच जेवतो. मी मागून बघतो. मला वाटायचं, यात काय वाईट आहे? बाबा जेवतायत, ताईला उसंत मिळते, आणि मी — मीही असतोच की खोलीत. पण त्यांनी हात पुढे केला तेव्हा मी कप खाली ठेवला. एवढंच केलं मी. कप खाली ठेवला. आवाज न करता.

आणि आज नवीन रेकॉर्डिंगमध्ये काय काय करायचं ते येताना ठरवत आलो. ह्या वेळी "हो" म्हणायचंच नाही. नुसतं "हं." "हं" म्हटलं की कशात अडकायला होत नाही. बटण दाखवायचं, "लावलं बाबा" म्हणायचं. आणि शेवटी एक वाक्य टाकायचं, बॅग आत ठेवा आता. की झालं. दोन वर्षं बघायला नको.

दोन वर्षं.

मघाशी मी तुला विचारलं ना, मधेच गरज संपली तर. तू माझ्याकडे बघितलंस. पटकन खाली बघितलंस मग, योजनांच्या कागदाकडे, पण मी बघितलं तुझं बघणं. सभ्य आहेस, म्हणून "कसला कागद" एवढंच विचारलंस. कळलं होतं तुला कसला ते. मी रस्त्यानेच हिशेब करत आलो होतो रे. दोन वर्षं लागतील का एवढी. बाप जेवतोय माझ्या तोंडाकडे बघून, आणि मी त्याच्या... त्याच्या मागे करार किती उरेल ते मोजतोय. दंड पडेल का ते विचारतोय दुकानात. मघाशी अगदी व्यवहार वाटला.

— माझाच वाजतोय. ताई. जेवणाची वेळ झाली, आणि मी लावला नाही ना अजून. टॅब खोलीवर आहे. — नाही, वाजू दे. थांबेल. — नाही थांबत. ती थांबणारी नाही. सकाळपासून बाबा काही... तू बोलशील का? सांग, दुकानात नेटवर्क नाही. — हो रे, खरंय, नेटवर्क नाही हे फोन उचलून कसं सांगणार! डोकं चालत नाही माझं. थांब, ती वायर दे कानाची, तुमचं हे गाणं केवढ्याने लावलंय.

हां ताई. — नाही, बाहेर आहे. दुकानात. — नाही ग, ताट नाहीये माझ्यापुढे आज. — चिडू नकोस, दे त्यांना. — मी सांगतो. दे ग.

बाबा.

हो, मीच... हो, उभा आहे, दुकानात आहे मी. कपड्यांचं नाही, फोनचं. ... कुठे? हे? हे लावलं ना बाबा, लावलं! बघा, जवळ धरतो. — मीच लावलं. दोरा दुहेरी घेऊन, हो, चार फेरे. गाठ आतून. ... दिसतंय? ... नाही, जेवलो नाही अजून. ... नाही, तुम्ही घ्या की — नाही, थांबा. थांबा बाबा, तसं नाही. एक मिनिट.

अरे, तुझा तो डबा — आहे का त्यात काही? एक घास दे मला. काहीही दे. — चमचा नको, हातानेच खातो. त्यांना हात दिसायला हवा.

हे बघा. घेतला. ... चावतोय बाबा, चावतोय. ... गिळला. हे बघा तोंड. आता तुम्ही. ... हां. हळू. ... परत मी? बरं. दुसरा घे म्हणतायत रे, सरकव डबा इकडे. ... घेतला. ... गिळला. तुमचा. ... ताई, तू रडू नकोस तिथे मागे, त्यांना वाटेल मशीन बिघडलं. ... घ्या बाबा. हं. — हो. हो म्हणतो. हो, मी आहे. ... काय? ... नाही ऐकू आलं, परत म्हणा. ...

"आज आलास होय"?

...

बाबा, म्हणजे रोज... रोज काय वाटायचं तुम्हाला?

...

हो. आज आलो. ... बॅग? दाराशीच आहे ना अजून? दिसली. ती — ती आत ठेवायला सांगा बाईंना. मला दारातून आत यायला जागा नको का? ... हो. माप तिथेच घ्या. ... संपवा आता. मी बघतोय. उठत नाही.

...

...

संपलं ताट. ताईने दाखवलं मला, वाकडं करून. घे तुझी वायर. आणि डबा — अर्धा संपवला मी तुझा, माफ कर. चांगलं होतं. मीठ कमी आहे, आईला विचार किती घालायचं ते.

नाही. तो कागद राहू दे. दोन वर्षांचा नको. — महिन्याचाही नको. माझं जे आहे ते संपेल तेव्हा संपेल, तोवर पुरेल मला. — अरे, कुठे काय, काही ठरलं नाहीये, तू लगेच आकडे मांडू नकोस. साहेबाला सांग, गिऱ्हाईक किरकिरं होतं, नुसतं डोकं खाऊन गेलं. डोकं आणि डबा. — चल. तुझं काम कर. ती मुलगी कधीची बघतेय इकडे.

*

तो करार झाला नाही, इतके दुकानाच्या नोंदीवरून सांगता येते. पुढे काही काळाने त्यांचा क्रमांक बंद झाला. परंतु क्रमांक बंद होण्याची कारणे अनेक असतात, आणि तेवढ्यावरून ते घरी गेले असा निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. ते पुन्हा दुकानात आले नाहीत. शर्टाचे बटण मी स्वतः पाहिले होते: वरून दुसरे, पक्के लावलेले. त्यांच्या वडिलांचे वाक्य मात्र मी ऐकले नाही. आवाज त्यांच्या एकट्याच्या कानात होता, आणि मला ऐकू आला तो त्यांनी ते वाक्य परत उच्चारले तेव्हाचा त्यांचा स्वर. वडिलांनी तसे खरोखर म्हटले होते का, आणि म्हटले असल्यास त्यांना किती दिवसांपासून ठाऊक होते, याची खातरजमा मला कधीच करता आली नाही.